संध्याकाळ मुलांना परत द्यायची आहे: मोबाईल, टीव्ही आणि मैदान याबद्दल सीमाभागातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

गेली सतरा वर्षं मी बेळगाव तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पूर्वी पालकसभेत पहिला प्रश्न असायचा, "बाई, याचं गणित कसं आहे?" आता पहिला प्रश्न मोबाईलचा असतो. वडगाव-शहापूरच्या मागावर बसणाऱ्या आया, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळी करणारे वडील, निपाणीकडची विडी वळणारी माणसं, खानापूरच्या पश्चिमेकडचे शेतकरी, सगळ्यांची काळजी हीच. तेच ते प्रश्न वर्षभर येतात म्हणून उत्तरं एकत्र लिहून काढली. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मूल मोबाईलकडे जातं ते बहुतेक वेळा त्याच्या हातात दुसरं काही नसतं म्हणून. त्यामुळे शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ भरून काढा. तेवढा एक वेळ सांभाळला की बाकीचं निम्मं काम आपोआप होतं.

कोणत्या वयाला किती वेळ स्क्रीन चालते?

इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना. तिचा सल्ला असा: दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको, फक्त मामा-आज्जीशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त १ तास, तोही एका वेळी २० ते ३० मिनिटांहून जास्त नाही. पाच ते दहा वर्षांपर्यंत २ तासांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलं तेही जवळपास असंच आहे: दोन वर्षांच्या आत शून्य, पुढे २ ते ४ वर्षांत १ तासाच्या आत, आणि कमी असेल तितकं चांगलं.

दहाच्या पुढे नुसता आकडा उपयोगाचा नाही. झोप, अभ्यास, खेळ, जेवण आणि घरच्यांशी बोलणं यांपैकी कशाला धक्का लागतोय का, ते बघायचं.

मोजताना एक चूक हमखास होते. मोबाईलचा वेळ धरतात, टीव्हीचा धरत नाहीत. सगळं मिळून मोजा. कोणी बघत नसताना उगाच चालू ठेवलेला टीव्हीसुद्धा धरा, कारण त्या आवाजात लहान मुलाचा खेळ सारखा मोडतो आणि मोठ्यांचं त्याच्याशी बोलणंही कमी होतं.

माझं लेकरू मोबाईल दाखवल्याशिवाय घास घेत नाही. काय करू?

वडगावात एका घरी गेले होते. पुढच्या खोलीत दोन माग खटाखट चाललेले. मधल्या उंबऱ्यावर अडीच वर्षांची मुलगी बसलेली, तिच्यासमोर पाण्याच्या तांब्याला टेकवलेला मोबाईल. मागाच्या आवाजात मोबाईलचं गाणं ऐकूही येत नव्हतं, तरी ती डोळे न हलवता बघत होती. धागा तुटला की आई उठून माग थांबवायची, धागा जोडायची, परत येऊन घास भरवायची. मूल चावत होतं की नुसतं गिळत होतं, तेही कळत नव्हतं. त्या आईला दोष द्यायला माझी जीभ वळली नाही. मजुरी थांबली तर आठवड्याचा बाजार थांबतो.

पण स्क्रीनकडे बघत जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही. कोणी गरजेपेक्षा जास्त खातं, कोणी आई भरवील तेवढंच. चव, वास, घास हाताळणं, सगळंच राहून जातं.

त्या घरी आम्ही केलं ते असं. मागावरच्या रिकाम्या कांड्या, डब्यांची झाकणं, एक पळी आणि जुनी वाटी असं सामान एका पेटीत भरलं. ती पेटी फक्त माग चालू असतानाच उघडायची, म्हणजे तिचं अप्रूप टिकतं. मागाकडच्या दाराला गुडघ्याएवढी फळी लावली, कारण फिरत्या पट्ट्याजवळ मूल जाणं फार धोक्याचं. जेवणाच्या वेळी दहा-पंधरा मिनिटं एक माग बंद. मुलीला ताटलीत वरणभात कालवून दिला आणि हाताने खाऊ दिलं. पहिल्या दिवशी निम्मा भात फरशीवर. दुसऱ्या दिवशी तिने ताटली ढकलली आणि रडली. आईने ताटली उचलली, मधे बिस्किट दिलं नाही, संध्याकाळी परत वाढलं. चौथ्या-पाचव्या दिवशी ती नीट जेवू लागली.

गुरुकिल्ली त्या मधल्या बिस्किटात आहे. जेवला नाही म्हणून अर्ध्या तासात बिस्किट-चिप्स दिले तर भूक लागणारच नाही. वाढायचं काय ते आपण ठरवावं, किती खायचं ते मुलाला ठरवू द्यावं. वजन वाढत नसेल किंवा कमी होत असेल तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

निपाणी भागातल्या आयांसाठी एक जादा गोष्ट. विडीचं सूप मांडीवर असताना मूल शेजारी बसवू नका. मोबाईल देऊन गप्प बसवलेलं मूल तंबाखूची भुकटी श्वासातून घेत राहतं. त्याला अंगणवाडीत पाठवा, शेजारी पाठवा, पण त्या खोलीत नको.

मोबाईल काढून घेतला की आदळआपट करतो. एकदम बंद करावा का?

एकदम बंद केलेलं मी स्वतः करून बघितलंय. मुलगा आठ वर्षांचा असताना रागाच्या भरात मोबाईल हिसकावला आणि पिठाच्या डब्यामागे ठेवला. दोन दिवसांत त्याला तो सापडला, आणि पुढचा महिनाभर तो चोरून बघत होता. आधी समोर बसून बघायचा, आता पांघरुणात. ही माझी चूक होती आणि ती निस्तरायला बराच वेळ गेला.

त्यामुळे दर आठवड्याला अर्धा तास कमी करा. संपवायची वेळ घड्याळाऐवजी गोष्टीवर ठरवा: "हा भाग संपला की बंद", "ही ओव्हर झाली की बंद". मधेच काढलं की मोठ्या माणसालाही राग येतो. पाच मिनिटं आधी सांगा, जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून. स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेलं त्यांच्या कानात शिरत नाही. आणि बंद केल्यावर लगेच करायला काहीतरी हवं, चेंडू दाराशीच ठेवलेला हवा.

रडणं पहिले तीन-चार दिवस वाढतं. तिथेच बहुतेक घरं हरतात. चाळीस मिनिटं रडल्यावर मोबाईल दिला, तर चाळीस मिनिटं रडायचं असतं हे मूल शिकतं.

मार्क पडले तर मोबाईल, नाही पडले तर मोबाईल बंद, असा सौदा नको. त्याने मोबाईलची किंमत आणखी वाढते.

घरात आज्जींच्या मालिका संध्याकाळभर चालतात. त्यांना कसं सांगायचं?

आज्जींना गुन्हेगार करू नका. दिवसभर तुमची पोरं त्याच सांभाळतात, आणि अंग टेकून बसायचा त्यांचा तेवढाच वेळ असतो. एका घरातल्या सुनेने छान वाट काढली. ती म्हणाली, "आत्या, तुमची मालिका तुम्ही निवांत बघा, तेवढा वेळ पोरांना मी बाहेर काढते." आज्जी खूश, पोरं अंगणात. एक मालिका आज्जींची, बाकीच्या वेळी टीव्ही बंद, हे सगळ्यांनी मान्य केलं.

आज्जींकडे आपल्याला न येणाऱ्या पुष्कळ गोष्टी असतात. सागरगोटे, काचापाणी, जिबल्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीला तिच्या आज्जीने सागरगोटे शिकवले. आता मधल्या सुट्टीत पाच-सहाजणी कोंडाळं करून बसतात आणि एक गोटा वर फेकून खालचे चार उचलायची चढाओढ लागते.

शाळाच व्हॉट्सअॅपवर गृहपाठ पाठवते. मग मोबाईल कसा द्यायचा नाही?

गृहपाठ पालकांनी उघडावा, मुलाने वहीत उतरवून घ्यावा, मोबाईल परत वर. पाच मिनिटांचं काम. गृहपाठासाठी घेतलेला मोबाईल तासाभराने कुठल्या व्हिडिओवर असतो ते तुम्हाला माहीत आहे. शाळेलाही सांगा, पालकसभेत स्पष्ट सांगा. मी फळ्यावर लिहून देते. वर्गात तीन मिनिटं जास्त जातात, घरी तास वाचतो.

खेळायला जागाच नाही. गल्लीत गाड्या, मैदान लांब.

खरं आहे. पण आहे ती जागाही आपण वापरत नाही. बेळगाव शहरात व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे, टिळकवाडीत लेले मैदान आहे, किल्ल्याजवळचा तलाव आहे. रविवारी सकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढून जाता येतं. खेडेगावात देवळासमोरचं पटांगण, सुगीनंतर मोकळी पडलेली शेतं, गावाबाहेरचा माळ आहे.

सगळ्यात चांगली जागा मात्र शाळेचं मैदान, आणि तेच साडेचारनंतर कुलपात असतं. शाळा सुधारणा समिती, म्हणजे आपली एसडीएमसी, ठराव करून ते संध्याकाळी उघडं ठेवू शकते. अट एकच हवी: रोज कोणीतरी मोठं माणूस तिथे बसलं पाहिजे. दहा घरांनी पाळी लावली तर एका घराला दहा दिवसांतून एकदा बसावं लागतं.

अरुंद गल्लीतही लगोरी होते. आमच्या गल्लीत पोरं जुन्या मंगळुरी कौलांचे सात तुकडे आणतात, दगडाने घासून कडा गोल करतात. मोठा तुकडा खाली, वर लहान होत जाणारे. रबरी चेंडूने रचलेलं पाडायचं आणि अंगावर चेंडू न लागता परत रचायचं. दोन मिनिटांत सगळ्यांना दम लागतो. डबा ऐसपैसला तर एक रिकामा डबा पुरतो. गाड्यांचं म्हणाल तर गल्लीतल्या लोकांनी ठरवून संध्याकाळी तासभर दुचाक्या एका बाजूला लावता येतात. आमच्याकडे त्यासाठी दोन कुरबुरी झाल्या, पण लावतात.

रोज किती खेळलं म्हणजे पुरे?

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं सांगते, दम लागेल अशी हालचाल. शिवाय आठवड्यातून तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारं काही हवं: उड्या, चढणं, दंड-बैठका, मल्लखांब, कुस्ती. तीन-चार वर्षांच्या मुलांना तर दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातला एक तास चांगला धावपळीचा.

दम लागला की नाही हे ओळखायला सोपी खूण: मुलाला बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. साठ मिनिटं सलग नकोत. शाळेला चालत जाणं पंधरा मिनिटं, मधली सुट्टी पंधरा, संध्याकाळचा खो-खो अर्धा तास, आटोपलं. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातली कितीतरी मुलं शाळेसाठीच एवढं चालतात. त्यांच्या पालकांनी दुचाकीवरून सोडायची घाई करू नये, रस्ता सुरक्षित असेल तर.

आपल्या भागात तालमीची परंपरा आहे. मुलगा तालमीत जात असेल तर जाऊ द्या. वस्ताद शिस्त लावतात, लवकर झोपायला लावतात, खाण्याकडे लक्ष देतात. फक्त दहा-बारा वर्षांच्या पोराला वजन वाढवायच्या पावडरी कोणी देत असेल तर थांबवा.

शेतातलं किंवा घरातलं काम म्हणजे व्यायाम झालाच की, असं काही वडील म्हणतात. हलकं काम करावं, त्याने मूल तयार होतं. पण खेळाच्या वेळेत काम नको. खेळात मूल हरतं, भांडतं, समेट करतं, आणि ते गवताचा भारा उचलून होत नाही.

आमच्याकडे चार महिने पाऊस. तेव्हा काय?

खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर घराबाहेर पडणं अवघड, हे मान्य. तरी रोज थोडी उघडीप मिळते, आणि त्या उघडिपीत पोरांना बाहेर काढायची तयारी हवी. एक जुना जोडा कपड्यांचा आणि रबरी चप्पल दाराशी तयार ठेवा. भुरभुर पावसात अर्धा तास भिजल्याने मूल आजारी पडत नाही. घरी आल्यावर अंग पुसा, कोरडे कपडे घाला. विजा चमकत असतील तर आत. ओढ्याला पाणी आलं असेल तर त्या बाजूला अजिबात नाही, मोठं माणूस सोबत असलं तरी नाही.

रोप लागणीच्या दिवसांत चिखलात उतरू द्या. पडवीत दोरीउड्या, सूर्यनमस्कार, भोवरा. नागपंचमीला झोका बांधतोच, तो आठवडाभर तसाच ठेवा. गौरी-गणपतीत आया आणि मुली मिळून झिम्मा-फुगडी घालतात, दहा मिनिटं फुगडी घालून बघा म्हणजे कळेल किती दम लागतो.

मुलगी मोठी व्हायला लागली. मैदानावर पाठवायला मन होत नाही.

ही भीती मला समजते, मीही मुलीची आई आहे. पण सहावी-सातवीत गेल्यावर मुलींचा खेळ बंद होतो आणि त्याच वर्षी हातात मोबाईल येतो, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. बाहेरच्या भीतीपोटी तिला आपण घरात अनोळखी माणसांच्या जगात सोडून देतो.

चार-पाच मुलींचा गट करा. एकीची आई किंवा ताई सोबत. पाळी सुरू झाली म्हणून खेळ थांबवायचं काहीच कारण नाही. आपल्या भागातल्या मुली खो-खो, कबड्डी, कुस्ती खेळतात, बक्षिसं आणतात. शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक असतील तर त्यांना भेटा. एका बाईंनी मुलगी येते म्हणून स्वतःही मैदानाला फेऱ्या घालायला सुरुवात केली. आता त्यांची पाठदुखी कमी आहे.

मोबाईलने चष्मा लागतो का?

मोबाईलचा उजेड डोळे जाळतो, ही समजूत बरोबर नाही. खरा त्रास दोन गोष्टींचा: सतत जवळचं बघणं आणि बाहेरच्या उजेडात न जाणं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळांमधून एक मोठा प्रयोग झाला. काही शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचं दिसेनासं होण्याचा दोष आला, बाहेर न नेलेल्यांमध्ये ३९.५ टक्के. औषध नाही, खर्च नाही, नुसता दिवसाचा उजेड. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो.

म्हणून मी उजेड आहे तोवर खेळायला सांगते. जवळचं काम करताना दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब बघायची सवय लावा. मूल फळ्यावरचं वाचायला पुढे येत असेल, डोळे बारीक करत असेल तर तपासून घ्या.

रात्री उशिरापर्यंत जागतो, सकाळी उठत नाही.

शाळकरी मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, तेरा वर्षांपुढे ८ ते १०. झोपण्याआधी तासभर सगळ्या स्क्रीन बंद, आणि रात्री सगळ्यांचे मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे वडिलांचाही. गजरासाठी शंभर-दोनशे रुपयांचं घड्याळ आणा.

नवरात्रात आपल्या बेळगावात पहाटेची दौड असते. एरवी साडेसातलाही हलवून उठवावं लागणारी पोरं तेव्हा साडेचारला पांढरे कपडे घालून अनवाणी धावायला उभी असतात, कारण गल्लीतली सगळी येणार असतात. नऊ दिवस ती रात्री नवालाच झोपतात. लवकर झोपणं त्यांना जमतं.

मुलगा उशिरा बोलतोय. घरी मराठी, बाहेर कन्नड, शाळेत इंग्रजी, त्यामुळे का?

हा प्रश्न आपल्या भागातलाच आहे आणि यावर बरीच चुकीची समजूत आहे. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल बोलायचं थांबत नाही. सुरुवातीला भाषा मिसळतं, "नीर दे" म्हणेल, ते ठीक आहे. आपल्याकडच्या पिढ्या अशाच वाढल्या. म्हणून घरातली मराठी बंद करून मोडकं इंग्रजी बोलायला लागू नका. तुम्हाला मनापासून बोलता येते ती भाषा बोला.

उशीर होतो तो माणसं कमी बोलल्याने. मूल "बा" म्हणालं की आई "बाबा आले?" म्हणते, मूल हसतं, पुन्हा म्हणतं. हे देणं-घेणं व्हिडिओत होत नाही. कार्टूनमधले इंग्रजी रंग आणि आकडे घडाघडा म्हणणारी, पण तहान लागल्यावर पाणी मागता न येणारी मुलं मी पहिलीत बघितली आहेत.

एक वर्ष झालं तरी नावाला प्रतिसाद नाही, दीड वर्ष झालं तरी एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, यातलं काही असेल तर "बापही उशिराच बोलला होता" म्हणत थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं, त्यांना दाखवा किंवा थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा. ऐकू येतं का, ही तपासणी सर्वांत आधी.

आम्ही दोघंही कामाला. संध्याकाळी घरी कोणी नसतं.

एकट्या घराने हे होत नाही. शेजारच्या दोन-तीन घरांशी बोला. पाळी वेगवेगळी असते, कोणी ना कोणी घरी असतं. मुलांना शाळेतून आल्यावर काय करायचं ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवा: हातपाय धुणं, खाणं, बाहेर. दिवेलागणीला आत. सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घेऊन आठवड्याला दोन पुस्तकं आणून ठेवा. आणि जादा मोबाईल घरी ठेवून जाऊ नका. बोलण्यासाठी बटणांचा साधा फोन पुरतो.

आम्हीच मोबाईल बघतो. मग मुलांना कसं सांगायचं?

आधी आपला बाजूला ठेवा. मग सांगा. दारात शिरल्यापासून जेवण होईपर्यंत मोबाईल फळीवर, एवढं वडिलांनी पाळलं तर माझ्या दहा सूचना द्यायच्या वाचतात.

मोबाईलमध्येच काही सोय आहे का?

आहे, पण ती मदतनीस, राखणदार तुम्हीच. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडा, कोणत्या अॅपवर किती वेळ गेला ते दिसतं आणि मर्यादा लावता येते. मुलाचा वेगळा फोन असेल तर गूगल फॅमिली लिंकने रोजचा वेळ, रात्रीचं कुलूप आणि नवीन अॅपची परवानगी आपल्या हातात राहते. आयफोनमध्ये स्क्रीन टाइम नावाची सोय आहे. यूट्यूबवर ऑटोप्ले बंद करा, हे आजच करा. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, तिथेच मूल अडकतं.

गेमच्या नादात पैसे गेले. हे व्यसन आहे का?

पैसे फसवणुकीने गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे, तेव्हा "सगळे खेळतात" हे ऐकून घेऊ नका. मुलाला मारू नका. मार खाल्लेलं मूल पुढच्या वेळी सांगत नाही, आणि तेव्हा रक्कम मोठी असते.

व्यसन हा शब्द जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आहे, पण त्याच्या खुणा कडक आहेत. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होतो, नुकसान होऊनही थांबत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असतं. शाळा सुटली, मित्र तुटले, झोप गेली, चोरी सुरू झाली, स्वतःला इजा करायचं बोलतो, असं असेल तर वर्षभर वाट बघू नका. टेलीमानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक चालतं.

सुट्टीत सगळी शिस्त मोडते.

मोडतेच. म्हणून सुट्टीला एक मोठं काम द्या. आपल्याकडे दिवाळीचा किल्ला आहे, त्याच्यासारखं दुसरं काही मला माहीत नाही. चार पोरं पोत्यातून माती आणतात, दगड रचतात, त्यावर ओलं पोतं टाकून चिखल लिंपतात. बुरूज ढासळतो, परत उभा करतात. तटावर हळीव पेरतात, रोज पाणी शिंपडतात, चौथ्या दिवशी हिरवं दिसायला लागतं. खरा राजगड कसा आहे यावरून भांडण होतं आणि मग कोणीतरी पुस्तक शोधतं. माती वाहण्यात, वाकण्यात, उठाबशा काढण्यात दिवस जातो. मोठ्यांनी विकतचा तयार किल्ला आणून तो दिवस हिरावून घेऊ नये, एवढी माझी विनंती.

मे महिन्यात आजोळी पाठवा. ऊन उतरल्यावर विटी-दांडू, सायकल, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली पोहणं. विहिरीत एकटं कधीच नाही.

सगळं गाव मिळून काही करता येतं का?

येतं. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ मध्ये ठरलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, मुलांनी अभ्यास-वाचन करायचं. एकट्या घराने बंद केलं तर पोरगं शेजारी जाऊन बघतं. सगळ्यांनीच केलं तर जाणार कुठे? आपल्याकडे ग्रामपंचायत, युवक मंडळ, महिला मंडळ, देवस्थान कमिटी सगळं आहे. येळ्ळूर, कडोली, उचगावसारखी गावं दरवर्षी साहित्य संमेलन भरवतात, मांडव घालतात, पाहुणे सांभाळतात. एवढं जमवणाऱ्या गावांना रोजचा तास-दीड तास ठरवणं जड नाही. मी मात्र भोंगा साडेपाचलाही वाजवायला सांगीन, मैदानावर जाण्यासाठी.

मोबाईल बंद केला की "कंटाळा आला, कंटाळा आला" म्हणत मागे लागतो.

येऊ द्या कंटाळा. लगेच काही सुचवू नका, खेळणं विकत आणू नका. पंधरा-वीस मिनिटं पाय ओढत फिरेल, दारात बसेल, आज्जीकडे तक्रार करील. आमच्या गल्लीतल्या नऊ वर्षांच्या एका पोराने अशाच संध्याकाळी जुन्या चप्पलेच्या तळव्यातून चार चाकं कापली, मधे भोकं पाडली, खराट्याच्या काड्या अडकवून औषधाच्या खोक्याला लावली. एक चाक वाकडं होतं, गाडी सारखी डावीकडे जायची. तो अंधार पडेपर्यंत ते चाक घासत बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात आणखी तीन पोरं जुन्या चपला घेऊन उभी होती.